तर्कशास्त्र वाचणाऱ्याने कथा-कादंबरीची सुरुवात कुठून करावी?

उद्यमबाग, दुसरी पाळी

नमस्कार. मी बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात यंत्रांच्या कंट्रोल पॅनेलचे काम पाहतो. ‘सेफ्टी गेट बंद असेल आणि तेलाचा दाब पुरेसा असेल, तरच प्रेस खाली येईल’ अशा अटी पीएलसीमध्ये (यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकात) लिहायच्या आणि त्या नको तेव्हा का पूर्ण झाल्या हे शोधत बसायचे, यात माझी पाळी संपते. शिकत असताना पी.यू.सी.ला (अकरावी-बारावीला) कला शाखेत असलेल्या एका मित्राचे तर्कशास्त्राचे पाठ्यपुस्तक हाती लागले आणि तेव्हापासून या विषयाची जी गोडी लागली ती सुटलेली नाही. पुढे श्रीनिवास दीक्षितांचे ‘भारतीय तत्त्वज्ञान’ दोनदा वाचले, मे. पुं. रेगे यांचे लेख मिळतील तसे वाचले, आणि सध्या गुरुदेव रानडे यांचा उपनिषदांवरील १९२६ चा इंग्रजी ग्रंथ शब्दकोश शेजारी ठेवून वाचतो आहे.

माझी अडचण अशी की मला कथा-कादंबरी वाचवत नाही. पत्नी गणपत गल्लीतील सार्वजनिक वाचनालयाची जुनी सभासद आहे. ती आणते त्या कादंबऱ्या मी उत्साहाने उघडतो आणि तिसाव्या-चाळिसाव्या पानावर खूण म्हणून बसचे तिकीट घालून ठेवून देतो; ते तिकीट पुस्तकाबरोबर तसेच परत जाते. युक्तिवाद वाचताना काय सिद्ध करायचे आहे हे मला ठाऊक असते, त्यामुळे एखादे वाक्य तिथे कशासाठी आहे हे विचारता येते. कादंबरीत पाऊस दोन पाने पडतो, आणि तो कशासाठी पडतो हे शेवटपर्यंत कळत नाही. रहस्यकथा वाचून पाहिल्या, परंतु तिथे महत्त्वाचे आधारविधान लेखकाने खिशात लपवलेले असते, ही मला फसवणूक वाटते. ‘सोफीज वर्ल्ड’ आवडले, पण खरे सांगायचे तर त्यातला तत्त्वज्ञानाचा इतिहास तेवढा वाचला आणि गोष्ट गाळली.

पत्नीचे म्हणणे असे, की ‘ज्याच्याशी वाद घालता येत नाही, ते तुम्हाला वाचवतच नाही.’ हे बहुधा बरोबर आहे. तेव्हा ज्यांच्याशी वाद घालता येईल अशा कथा-कादंबऱ्या सुचवाव्यात, ही विनंती. मराठी असल्यास उत्तम. कन्नड मला बोलता येते, पण वाचताना अडखळतो. पत्नीचे शिक्षण मात्र गोकाकला कन्नड माध्यमात झाले आहे.

चिकोडी, निवृत्त

मी २९ वर्षे पी.यू.सी.च्या मुलांना तर्कशास्त्र शिकवले, त्यामुळे आपली तक्रार मला परकी नाही. तरीही ‘सोफी’बद्दल आपण जे लिहिले, त्यातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे असे वाटते. ज्या कादंबरीत पात्रे तत्त्वज्ञानाची चर्चा करतात, ती तत्त्वज्ञान वाचणाऱ्याला आवडेल असे आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात नेमकी तीच त्याला कंटाळवाणी होते, कारण तीच चर्चा मूळ ग्रंथात अधिक नेटकी मिळते. आपल्यासारख्या वाचकाने अशी कादंबरी शोधावी, जिच्यात पात्रे एका अशा पेचात सापडतात की त्यांच्याजवळचा कोणताही नियम तिथपर्यंत पोहोचत नाही.

यू. आर. अनंतमूर्ती यांची ‘संस्कार’ ही १९६५ ची कन्नड कादंबरी मी आपल्याला सर्वांत आधी देईन. ती लहानशीच आहे, दोन-तीन बैठकींत होते. दुर्वासपूर नावाचे एक अग्रहार, म्हणजे ब्राह्मणांची वस्ती, आहे आणि तिथे नारणप्पा नावाचा माणूस मरण पावतो. तो जन्माने ब्राह्मण. पण त्याने मांस-मद्य सेवन केले, चंद्री नावाच्या एका बाईला घरात ठेवले, अग्रहाराचे सारे नियम उघडपणे मोडले. आता अटी पाहा. प्रेताला अग्नी दिल्याशिवाय अग्रहारात कोणालाही जेवता येत नाही. अग्नी द्यायचा तर ब्राह्मणाला ब्राह्मणानेच दिला पाहिजे. याला अग्नी देणारा मात्र स्वतः विटाळतो, म्हणून कोणीही पुढे यायला तयार नाही. मग त्याला ब्राह्मण न मानता दुसऱ्या कोणाला तरी अग्नी देऊ द्यावा म्हटले, तर तेही होत नाही, कारण तो जिवंत असताना त्याला कधी बहिष्कृत केलेलेच नव्हते. त्याने ब्राह्मण्य सोडले, पण ब्राह्मण्याने त्याला सोडलेले नाही. ज्याला आपण वर्गात उभयापत्ती म्हणतो आणि घरी इकडे आड तिकडे विहीर म्हणतो, ती ही अशी.

हा पेच काशीला शिकून आलेल्या प्राणेशाचार्यांपुढे येतो. ते रात्रभर पोथ्या चाळतात, पण उत्तर मिळत नाही. शेवटी ते मारुतीच्या देवळात जाऊन देवाला कौल लावतात: उजवीकडचे फूल पडले तर एक उत्तर, डावीकडचे पडले तर दुसरे. तिथे काय होते ते मी सांगणार नाही. इकडे चंद्रीने अंगावरचे दागिने उतरवून अंत्यविधीच्या खर्चासाठी पुढे ठेवलेले असतात, आणि ते पाहिल्यावर काल नाही म्हणणाऱ्यांच्या युक्तिवादाला अचानक नवे पाय फुटतात. मी शिकवत असताना तर्कदोषांच्या प्रकरणासाठी याहून चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकात सापडले नव्हते. या कादंबरीत पाऊस विशेष नाही. उकाडा, उंदीर आणि गिधाडे आहेत, आणि ती प्रत्येक गोष्ट तिथे कशासाठी आहे हे आपल्याला विचारता येईल.

एस. एल. भैरप्पा हे दुसरे नाव. ते मुळात तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. सत्य आणि सौंदर्य यांच्या संबंधावर त्यांनी बडोद्याला प्रबंध लिहिला आणि हुबळीच्या महाविद्यालयात काही काळ तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र शिकवले. ‘सार्थ’मध्ये आठव्या शतकातला काळ आहे आणि मंडनमिश्र व शंकराचार्य यांच्या वादाचा निवाडा करण्यासाठी मंडनमिश्रांच्या पत्नी भारती बसल्या आहेत, हा प्रसंग वाचताना आपली पाळी चुकण्याची शक्यता आहे. ‘साक्षी’ची सुरुवातही आपल्याला पकडून ठेवील: आयुष्यभर खरे बोललेला एक माणूस खोटी साक्ष देतो, आत्महत्या करतो, आणि असत्याचे मूळ कशात आहे हा प्रश्न घेऊन यमापुढे उभा राहतो. माझी एक तक्रार मात्र नोंदवून ठेवते. भैरप्पांची पात्रे कधीकधी असे बोलतात, जणू सगळ्यांनीच एम. ए.ला तत्त्वज्ञान घेतले होते.

मराठीत भैरप्पा आणले ते प्रामुख्याने उमा कुलकर्णी यांनी. त्यांचा जन्म बेळगावचा, आणि ‘वंशवृक्ष’च्या अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. त्यांचे पती विरुपाक्ष कन्नड मजकूर वाचून दाखवत आणि त्या तो ऐकून मराठीत उतरवत. आपल्या घरची परिस्थिती वाचून मला तेच आठवले.

निपाणीकर

बाईंनी सुचवलेल्या पुस्तकांबद्दल वाद नाही. तथापि बेळगावात राहून कोणी असा प्रश्न विचारावा आणि पहिल्या उत्तरात जी. ए. कुलकर्णी यांचे नाव येऊ नये, याचे मला आश्चर्य वाटले. १९२३ मध्ये जन्म बेळगाव जिल्ह्यातच झाला आणि पुढे नोकरीची बहुतेक वर्षे धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्यात गेली. म्हणजे हा लेखक आपल्याच पट्ट्यातला.

मी तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितो. आकड्यांची सवय असलेल्या माणसाला जी.ए. आवडणार नाहीत, असे मला बरीच वर्षे वाटत होते, कारण त्यांच्या एका परिच्छेदात जितक्या उपमा असतात तितक्या आमच्या खातेवहीत नोंदीही नसतात. मग ‘पिंगळावेळ’मधील ‘स्वामी’ ही कथा वाचली. प्रवासात अडकलेल्या एका साध्या माणसाला एका मठात नेले जाते. तिथे सगळे त्याच्याशी आदराने वागतात, त्याच्या प्रत्येक शंकेला सौम्य आणि सयुक्तिक उत्तर देतात, आणि अशा एकेक पायरीने तो जमिनीखालच्या एका सुखसोयींनी भरलेल्या खोलीत पोहोचतो, जिच्यातून बाहेर पडायला वाट नाही. आता तोच पुढचा स्वामी. मी ती कथा पुन्हा पहिल्यापासून वाचली, कारण नेमक्या कोणत्या वाक्यावर ‘नाही’ म्हणायला हवे होते हे मला शोधायचे होते. ते वाक्य मला अजून सापडलेले नाही. त्या खोलीत हवा येण्यासाठी जी नळी आहे तिच्याकडे एक वेल वाढू लागते, तिथपासून पुढे मात्र माझे शोधणे थांबले आणि मी नुसता वाचत राहिलो.

‘काजळमाया’ १९७२ ची. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि तो त्यांनी नंतर परत केला. तीमधील ‘विदूषक’ आपल्याला आवडेल, कारण तिच्यात शब्दांचा डाव आहे आणि डाव हरण्याची किंमत खरी आहे. ‘रमलखुणा’मधल्या दोन दीर्घकथा एवढ्यात घेऊ नका. नियती हा शब्द ऐकल्यावर आपण कार्यकारणभावावर वाद सुरू कराल आणि ‘इस्किलार’ बाजूला राहील.

तिसरे रेल्वे गेट

मी थोडी वेगळी वाट सुचवतो. आपण अटी लिहिणारे आहात. तेव्हा लेखकाने पहिल्याच पानावर अट घातली आणि मग ती शेवटपर्यंत प्रामाणिकपणे चालवली, अशा लेखनापासून सुरुवात करा. त्यात लपवलेले आधारविधान नसते.

अर्जेंटिनाचे बोर्हेस यांची १९४१ मधील ‘बाबेलचे ग्रंथालय’ ही कथा आठ-दहा पानांचीच आहे. विश्व म्हणजे षट्कोनी दालनांचे एक ग्रंथालय आहे. प्रत्येक पुस्तक ४१० पानांचे, प्रत्येक पानावर ४० ओळी, प्रत्येक ओळीत साधारण ८० अक्षरे, आणि एकूण चिन्हे २५: बावीस अक्षरे, स्वल्पविराम, पूर्णविराम आणि कोरी जागा. या चिन्हांची जितकी म्हणून जुळणी शक्य आहे ती सगळी पुस्तके तिथे आहेत. म्हणजे आपल्या आयुष्याचा खरा वृत्तांत तिथे आहे, आणि त्याचे खंडन करणारी अगणित पुस्तकेही आहेत.

मी एका रविवारी हिशेब मांडला. एका पुस्तकात ४१० गुणिले ४० गुणिले ८०, म्हणजे १३,१२,००० चिन्हे बसतात. म्हणून एकूण पुस्तके २५ चा १३,१२,००० वा घात इतकी. हा आकडा आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत लिहायचा तर सुमारे १८ लाख ३४ हजार अंक लागतात, म्हणजे ग्रंथालयातील एका पुस्तकात तो मावत नाही. मग मला वाटले, की त्यांच्याजवळ २५ चिन्हे आहेत तर मोजणीही पंचवीसच्या पायावर करावी. तसे केल्यास तो आकडा म्हणजे एक आणि त्यापुढे १३,१२,००० शून्ये होतात. आणि पुस्तक नेमके एका चिन्हाने कमी पडते! कथेत हे कुठेही लिहिलेले नाही. परंतु ज्या कथेशी बसून असा हिशेब करता येतो, ती आपल्याला वाचवणार नाही असे होणार नाही. हिशेब झाल्यावर पुन्हा वाचलीत, तर त्या दालनांतून म्हातारे होत गेलेले ग्रंथपाल दिसू लागतील. मला पहिल्या वाचनात ते दिसलेच नव्हते.

दुसरी शिफारस थेट आपल्या धंद्यातली. आयझॅक असिमोव यांची १९४२ ची ‘रनअराउंड’ ही कथा बुध ग्रहावर घडते. यंत्रमानवाला तीन नियम घातलेले आहेत: माणसाला इजा होऊ देऊ नये, पहिल्या नियमाला बाध येत नसेल तर माणसाची आज्ञा पाळावी, आणि पहिल्या दोहोंना बाध येत नसेल तर स्वतःला जपावे. स्पीडी नावाच्या यंत्रमानवाला सेलेनियम आणायला पाठवले आहे. आज्ञा देताना ती सहज, फारसा जोर न देता दिली गेली. यंत्र महाग म्हणून त्याचा तिसरा नियम कारखान्यातच थोडा बळकट केलेला होता. सेलेनियमच्या डबक्याजवळ धोका आहे; जवळ गेले की तिसरा नियम त्याला मागे ढकलतो, लांब गेले की दुसरा नियम पुढे ओढतो, आणि दोन्ही ओढी जिथे सारख्या होतात त्या रेषेवर स्पीडी नुसता गोल गोल फिरत राहतो. सेन्सरच्या दोन मर्यादा एकमेकींना भिडल्यावर व्हॉल्व्ह कसा उघडझाप करत बसतो हे आपण पाहिलेच असेल. मराठीत याच्या जवळपासचे काही हवे असल्यास जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ घ्या.

लुईस कॅरल यांचे नाव राहिले. ते ऑक्सफर्डला गणित शिकवीत. ‘अ‍ॅलिस’ची दोन्ही पुस्तके वाचण्याआधी त्यांनी १८९५ मध्ये ‘माइंड’ या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात लिहिलेला कासव आणि अकिलीस यांचा छोटा संवाद वाचा. अकिलीस म्हणतो, की ही दोन आधारविधाने खरी, तर निष्कर्ष मानलाच पाहिजे. कासव म्हणते, ‘आधारविधाने मला मान्य, पण ती मानली तर निष्कर्ष मानला पाहिजे, हे मी कशावरून मानू? तेही तिसरे विधान म्हणून लिहून घे.’ अकिलीस लिहितो. मग तीन विधानांवरून निष्कर्ष निघतो हे चौथे विधान, आणि वही भरत जाते. आपल्या पीएलसीने एखाद्या दिवशी असे विचारायला सुरुवात केली तर कारखाना उघडणार नाही.

खानापूरकर

सर्वांनी मिळून या गृहस्थांना त्यांच्याच घरात पुन्हा आणून सोडले आहे. अट, पेच, हिशेब, नियम हे सगळे त्यांच्याजवळ आहेच. मला वाटते, की तर्कावर प्रेम असलेल्या माणसाने निदान एक पुस्तक असे वाचावे, जे त्याच्या प्रेमाचीच चेष्टा करते.

दोस्तोयेव्हस्की यांची १८६४ ची ‘नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड’ ही लहान कादंबरी घ्या. तिच्यातला निवेदक एक निवृत्त कारकून आहे. आजारी, चिडका आणि अत्यंत हुशार. दोन दुणे चार हे त्याला मान्य आहे, पण ते कमरेवर हात ठेवून आपली वाट अडवून उभे राहते, असे त्याला वाटते. माणसाचे हित कशात आहे हे गणिताने सिद्ध करून दाखवले, तरी केवळ आपली इच्छा आपली आहे हे दाखवण्यासाठी माणूस त्याच्या विरुद्ध वागेल, असा त्याचा दावा आहे. आता हा युक्तिवाद आहे की युक्तिवादाला दिलेली शिवी, हे ठरवा. आपल्याला वाद घालायचा आहे ना, मग हा माणूस आपल्याला झोपू देणार नाही. मात्र पहिल्या भागात वाद संपतो आणि दुसऱ्या भागात तोच माणूस प्रत्यक्षात कसा वागतो हे दिसते, तेव्हा पुस्तक अर्ध्यावर ठेवू नये.

मराठीत किरण नगरकर यांच्या १९७४ च्या कादंबरीचे नावच ‘सात सक्कं त्रेचाळीस’ आहे. आपण ते नाव पाहून नाक मुरडाल म्हणून मुद्दाम सांगतो. त्यात घटना क्रमाने येत नाहीत, आणि कशामागून काय याचा तक्ता करण्याचा मोह झाला तर करू नये. श्याम मनोहर हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांची ‘कळ’ किंवा ‘उत्सुकतेने मी झोपलो’ वाचताना साध्या घरातली माणसे अगदी साध्या वाक्यांत ज्ञान म्हणजे काय, असे प्रश्न विचारू लागतात आणि आपल्याला हसावे की वही काढावी हे कळत नाही. कारवारला जन्मलेले विलास सारंग यांच्या कथाही पाहाव्यात.

रहस्यकथांवरचा राग थोडा आवरावा, असेही सुचवतो. विट्गेनस्टाइन यांना अमेरिकन रहस्यकथांच्या स्वस्त मासिकांचे वेड होते, आणि मित्रांनी ती पाठवली नाहीत तर ते बेचैन होत.

चिकोडी, निवृत्त

कॅरल यांच्याबद्दल एक गंमत सांगते, जी वर्गात नेहमी फसायची. ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’मध्ये राजा विचारतो, की रस्त्यावर कोण दिसते आहे, अ‍ॅलिस उत्तर देते, ‘नोबडी’. त्यावर राजा तिच्या नजरेचे कौतुक करतो, की एवढ्या लांबून तुला ‘नोबडी’सुद्धा दिसतो! इंग्रजीत ‘नोबडी’ हे सर्वनाम नामाच्या जागी बसत असल्याने ते एखाद्या माणसाच्या नावासारखे वापरता येते. मराठीत मात्र ‘मला कोणीही दिसत नाही’ असे म्हणावे लागते. नकार क्रियापदापाशी बसतो, आणि ‘कोणीही’ला एकट्याला रस्त्यावर उभे करता येत नाही. कन्नडमध्येही तीच गत आहे. मी दोन्ही भाषांतून हा विनोद सांगून पाहिला आणि दोन्हीकडे मुले गंभीर चेहऱ्याने बसून राहिली. त्यानंतर मी विनोद सोडून तो का फसला हेच शिकवू लागले, आणि तो तास मात्र चांगला व्हायचा.

तसेच, परदेशी पुस्तकांच्या गर्दीत वेताळ पंचविशी विसरू नये. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोके फुटेल, आणि बोललास तर प्रेत पुन्हा झाडावर जाईल, या चौकटीतच राजाला बांधून ठेवले आहे. शेवटच्या कोड्यात एक बाप आणि त्याचा मुलगा वाटेत दोन स्त्रियांच्या पावलांचे ठसे पाहतात. मोठ्या पावलांची ती बापाची आणि लहान पावलांची ती मुलाची, असे ते ठरवून टाकतात. प्रत्यक्षात मोठी पावले मुलीची आणि लहान पावले तिच्या आईची निघतात. बापाला मुलगी आणि मुलाला आई, अशी लग्ने होतात. मग त्यांच्या मुलांचे परस्परांशी नाते काय? राजा इथे पहिल्यांदाच गप्प बसतो, आणि गप्प बसल्यानेच सुटतो. गिरीश कार्नाड यांचे ‘हयवदन’ याच कथाकुळातले, पण तिथे वेताळाच्या उत्तरापाशी नाटक थांबत नाही. धड कोणाचे आणि माणूस कोण, या प्रश्नाला ‘डोके ज्याचे तो’ असे उत्तर मिळाल्यावर शरीर काय करते, ते त्यांनी पुढे दाखवले आहे. नाटक आहे, कादंबरी नव्हे. पण एका संध्याकाळी संपते.

उद्यमबाग, दुसरी पाळी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आधी काहीतरी पूर्ण वाचून मगच लिहायचे असे ठरवले होते. ‘संस्कार’ पूर्ण झाली. बाईंनी सुचवल्याप्रमाणे पत्नीने कन्नडमधून वाचून दाखवली. रात्री साडेअकराला मी जेवायला बसल्यावर ती रोज दहा-बारा पाने वाचत असे. जिथे शब्द अडला तिथे ती थांबून मराठीत सांगे, आणि अडला नाही तरी माझा चेहरा पाहून थांबे. ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांनी माझा पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी एका जॉब कार्डाच्या पाठीवर तक्ता केला. नारणप्पा ब्राह्मण आहे, नाही; बहिष्कृत आहे, नाही; अग्नी देणारा ब्राह्मण आहे, नाही. सगळ्या ओळी भरल्या, आणि एकाही ओळीत दिवा लागेना. मला फार समाधान वाटले, की पेच खरोखरच कडेकोट आहे. त्या रात्री पत्नीने पुढचा भाग वाचला. चंद्री अंधारात एका मुसलमान ओळखीच्या माणसाची गाडी बोलावते, प्रेत स्मशानात नेते आणि जाळून मोकळी होते. अग्रहाराला त्याचा पत्ताही नाही. ते सगळे उपाशी बसून त्याच प्रश्नावर विचार करत आहेत. मी जेवता जेवता थांबलो. माझ्या तक्त्यात चंद्रीसाठी ओळच नव्हती. ती विचारणाऱ्यांत नव्हती, म्हणून मी तिला चल (तक्त्यातली बदलती बाब) म्हणून धरलेच नव्हते. आणि अग्रहारातल्या माणसांनीही नेमके तेच केले होते. ते कार्ड मी अजून पाकिटात ठेवले आहे.

एक तक्रार आहे. शेवटच्या भागात प्राणेशाचार्य गाव सोडून चालत राहतात, पुट्टा नावाचा एक बडबड्या माणूस त्यांच्या गळ्यात पडतो आणि दोघे जत्रेत हिंडतात. तिथे मला पुन्हा तो जुना पाऊस पडू लागल्यासारखे वाटले. पत्नीला मात्र तोच भाग सर्वांत आवडला, आणि आमचा त्यावर वाद अजून चालू आहे. बाईंचे मत ऐकायला आवडेल.

बोर्हेस यांची कथाही वाचली. हिशेब तपासला, एक चिन्ह खरोखरच कमी पडते.

चिकोडी, निवृत्त

या वादात मी आपल्या पत्नीच्या बाजूने आहे. पहिल्या भागात आचार्य दुसऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर पोथीत शोधत होते, म्हणून अटी स्पष्ट होत्या. जत्रेत प्रश्न स्वतःचा झाला आहे, आणि तो नेमका काय आहे हेच त्यांना ठरवता येत नाही. पुट्टा त्यांना पुन्हा पुन्हा बोलायला लावतो, आणि आपण कोण हे दर वेळी सांगताना त्यांची कशी तारांबळ उडते, एवढ्याकडे लक्ष ठेवून तो भाग एकदा परत ऐका. तरीही कंटाळा आलाच, तर तोही प्रामाणिकपणे इथे लिहा.

निपाणीकर

पुढचे पुस्तक ‘पिंगळावेळ’ घ्यावे. ‘स्वामी’ आधी, ‘ऑर्फियस’ नंतर, आणि ते ‘नाही’ म्हणण्याचे वाक्य आपल्याला सापडले तर मला अवश्य कळवावे. बसचे तिकीट तेवढे बाजूला काढून ठेवा.